ऊन उतरल्यावरची वाळवणी: उष्णता साठवणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कांदा, मेथी, आमसूल, बेदाणा वाळवणारे बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि याच विषयावर प्रकल्प करणारे केमिकल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडेमोडीसाठी शक्यतो एकच उदाहरण धरलं आहे: 100 किलो चिरलेला कांदा आणि महाराष्ट्रातलं उन्हाळ्याआधीचं स्वच्छ ऊन, म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे 5.3 युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा.

1. उष्णता साठवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

दुपारी बारा ते तीन या वेळात कलेक्टरमधून (उन्हावर हवा तापवणाऱ्या पेटीतून) गरजेपेक्षा जास्त गरम हवा येते. तेवढी जास्तीची उष्णता कशात तरी मुरवायची आणि ऊन उतरलं की त्यातूनच हवा फिरवून ती परत घ्यायची. यासाठी तीन मार्ग आहेत. दगड, वाळू, पाणी नुसते तापवायचे, हा पहिला. मेणासारखा पदार्थ वितळवायचा आणि तो गोठताना सोडतो ती उष्णता वापरायची, हा दुसरा. सिलिका जेल किंवा झिओलाइट तापवून कोरडं करायचं आणि ते हवेतली वाफ शोषताना गरम होतं त्याचा उपयोग करायचा, हा तिसरा. तिसऱ्यात हवा गरम होता होता कोरडीही होते, म्हणून तो ऐकायला फार आकर्षक वाटतो. पण झिओलाइट पुन्हा कोरडं करायला 200 अंशांच्या आसपासची उष्णता लागते आणि साधा सपाट कलेक्टर तिथवर पोहोचत नाही. पुढची उत्तरं पहिल्या दोन मार्गांबद्दलच आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच: साठवण उष्णता तयार करत नाही. कलेक्टर अपुरा असेल तर साठवण लावून दिवसाची वाळवणीही मंदावते.

2. पीसीएम म्हणजे काय? सगळे मेणच का वापरतात?

पीसीएम (फेज चेंज मटेरियल) म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणारा आणि गोठणारा पदार्थ. वितळताना त्याचं तापमान फारसं वाढत नाही, पण उष्णता भरपूर आत जाते. हाच शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा. पॅराफिन मेणात तो किलोमागे साधारण 180 ते 200 किलोज्यूल असतो. मेण धातूला खात नाही, शेकडो वेळा वितळवून गोठवलं तरी फारसं बिघडत नाही, 58 ते 60 अंशांना वितळणारी प्रत बाजारात सहज मिळते आणि वाळवणीला लागणारं तापमानही त्याच पट्ट्यात येतं. दोष दोन: उष्णता वाहून नेण्यात ते अगदी मंद (प्रश्न 7) आणि ते पेट घेऊ शकतं (प्रश्न 12).

3. आमचा 100 किलो कांद्याचा ड्रायर आहे. रात्रभर चालायला किती मेण लागेल?

आधी पाणी मोजा. चिरलेल्या कांद्यात 86 टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग 14 किलो. शेवटी 6 टक्के ओलावा ठेवायचा तर माल उरतो 14.9 किलो, म्हणजे 85 किलो पाणी उडवायचं आहे. एक किलो पाण्याला सुमारे 2,370 किलोज्यूल, म्हणून एकूण 202 मेगाज्यूल किंवा 56 युनिट. कलेक्टर आणि ड्रायर मिळून 30 टक्के कार्यक्षमता धरली, तर एका दिवसात हे काम करायला 35 चौरस मीटर कलेक्टर हवा. हे झालं साठवणीशिवाय.

आता यातलं 20 किलो पाणी सूर्यास्तानंतरच्या पाच तासांत उडवायचं ठरवू. त्यासाठी 47 मेगाज्यूल लागतात. गरम हवेतली निम्मी उष्णता बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जाते, तेव्हा साठवणीतून 95 मेगाज्यूल काढावे लागतील. मेण वितळणं अधिक पंधराएक अंशांचा चढउतार मिळून किलोमागे 220 किलोज्यूल हाती येतात. म्हणजे 430 किलो मेण. ते वितळवायलाच सुमारे 14 चौरस मीटर कलेक्टर लागेल.

हा आकडा ऐकून बरेच जण गप्प होतात. 25 किलो मेण लावून 'रात्रभर चालणारा' ड्रायर विकला जात असेल, तर विक्रेत्याला ही आकडेमोड करून दाखवायला सांगा. रात्री वाळवायचंच नसेल, फक्त माल सांभाळायचा असेल, तर गरज सात पटींनी कमी होते. ती प्रश्न 8 मध्ये.

4. मेणापेक्षा दगड किंवा पाणी स्वस्त पडणार नाही का?

पुष्कळदा पडतं. वरचेच 95 मेगाज्यूल 20 अंशांच्या चढउतारात साठवायचे तर:

दगड: किलोमागे जेमतेम 17 किलोज्यूल, म्हणून साडेपाच टनांच्या वर. फटी धरून साडेतीन घनमीटर जागा. जागा असेल तर 20 ते 40 मिलिमीटरची खडी, धुऊन, वाळवून. धूळ राहिली तर ती सरळ मालावर येते. खडीत ओल राहिली तर बुरशीचा वास येतो, आणि तो वास माल पकडतो.

पाणी: किलोमागे 84 किलोज्यूल, म्हणून सुमारे 1,130 लिटर. मेणाला 550 लिटर जागा लागते, म्हणजे पाण्याला फक्त दुप्पट. पाणी जवळपास फुकट आहे, आणि टाकी, पंप आणि रेडिएटर गावातला मिस्त्री दुरुस्त करू शकतो.

मग मेण कशाला? पाणी 70 वरून 50 वर येताना ड्रायरच्या हवेचं तापमानही सरकत जातं, तर मेण गोठत असताना ते बऱ्यापैकी स्थिर राहतं. ज्या मालाला स्थिर तापमान हवं, किंवा जिथे जागा आणि वजन अडतं (छत, फिरता ड्रायर), तिथे मेण. बाकी ठिकाणी आमचा कौल पाण्याला. प्रबंधात मेण छान दिसतं, तो मुद्दा वेगळा.

5. किती अंशांना वितळणारं मेण घ्यावं?

दोन्ही बाजूंनी बघा. ड्रायरला हवं असलेल्या हवेपेक्षा वितळणबिंदू 8 ते 10 अंशांनी वर, आणि कलेक्टरमधून येणाऱ्या हवेपेक्षा 10 ते 15 अंशांनी खाली. कांद्याला रात्री 48 ते 50 अंशांची हवा पुरते, कलेक्टर दुपारी 70 ते 75 देतो, तेव्हा 58 ते 60 चं मेण बरोबर बसतं. मेथी, शेवग्याचा पाला यांना 40 ते 45 ची हवा हवी असेल तर 50 ते 52 चं मेण घ्या.

स्टिअरिक आम्ल 69 अंशांना वितळतं. ते खाद्य कारखान्यात सहज मिळतं म्हणून काही जण वापरतात, पण सपाट कलेक्टरवर ते वर्षातले बरेच दिवस पूर्ण वितळत नाही.

6. दिवसभर ऊन असूनही मेण वितळतच नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा यांपैकी एक: (क) ब्लोअर फार जोरात. हवा जास्त, तापमान कमी. कलेक्टरमधून 56 अंशांची कितीही हवा आली तरी 58 चं मेण वितळणार नाही. साठवण भरताना हवा कमी करा. (ख) गरम हवा आधी मालावरून आणि मग मेणावरून नेली आहे. ती मालाजवळच थंड होते. दुपारच्या वेळी कलेक्टरची काही हवा डॅम्परने (हवेच्या झडपेने) सरळ मेणाकडे वळवा. (ग) पेटीला इन्सुलेशन नाही, किंवा भिजलेलं आहे. ग्लासवूल 50 मिलिमीटर तरी हवं आणि ते कोरडं हवं. (घ) थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) धातूच्या भिंतीला टेकलं आहे, आणि मेण वितळलेलं असूनही आकडा चुकीचा दिसतो. टोक मेणाच्या मधोमध असलं पाहिजे.

7. उलट तक्रार: मेण पूर्ण वितळतं, पण संध्याकाळी अर्ध्या तासात हवा गार होते. उष्णता जाते कुठे?

कुठेच जात नाही, आत अडकते. डब्याच्या भिंतीलगतचं मेण आधी गोठतं आणि तोच थर आतल्या गरम मेणाला रजईसारखा गुंडाळतो. मेणाची उष्णतावाहकता फक्त 0.2 वॅट प्रतिमीटर प्रतिअंश आहे. भिंत मेणापेक्षा 15 अंशांनी गार धरली तर 1 सेंटिमीटर थर गोठायला सुमारे 45 मिनिटं, 2 सेंटिमीटरला तीन तास आणि 4 सेंटिमीटरला बारा तास लागतात. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट.

म्हणून 15 लिटरच्या तेलाच्या डब्यात मेण भरू नका. सपाट पाकीट किंवा पेटी असेल तर एकूण जाडी 2 सेंटिमीटर, नळी असेल तर 40 मिलिमीटर व्यासाच्या आत. वरच्या उदाहरणात 5.3 किलोवॅट उष्णता काढायला अंदाजे 35 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. 2 सेंटिमीटरच्या पेट्यांमध्ये दोन्ही बाजू धरून 55 मिळतो, तेव्हा थोडा हात मोकळा राहतो.

मेणात ॲल्युमिनियमची भुकटी टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. काही चक्रांनंतर ती तळाला बसते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या भिंतीला घट्ट जोडणं किंवा प्रसरित ग्राफाइट (फुलवलेला, उष्णता चांगली वाहून नेणारा कार्बन) वापरणं जास्त टिकतं. पण मेणाची वाहकता कितीही वाढवली तरी बाहेरच्या हवेचा अडथळा तसाच राहतो, हे लक्षात ठेवा. 1 सेंटिमीटर मेणाचा आणि मंद वाहत्या हवेचा अडथळा जवळपास सारखाच असतो. पेट्यांमधली फट 15 ते 20 मिलिमीटर ठेवून हवेचा वेग वाढवणं स्वस्तात होतं.

8. आम्ही संध्याकाळी ड्रायर बंद करतो. सकाळी माल पुन्हा ओलसर का लागतो?

आमच्या मते साठवणीचा सगळ्यात उपयोगाचा भाग हाच आहे, आणि नेमका तोच विचारात घेतला जात नाही.

दोन कारणं असतात. एक, अर्धवट वाळलेला माल गरम असताना झडपा बंद केल्या की आतली दमट हवा गार होते, पत्र्याच्या छताला पाणी सुटतं आणि ते थेंब ट्रेवर पडतात. यावर उपाय साठवणीशिवाय होतो: आतलं तापमान 35 वर येईपर्यंत ब्लोअर सावकाश चालू ठेवा, मगच झडपा लावा. छताला उतार द्या, वरून इन्सुलेशन घाला.

दुसरं, रात्रीची हवा. 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत वाळलेला कांदा पाणी ओढतोच. पण तीच हवा 40 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 39 टक्क्यांवर येते. त्यासाठी तासाला फक्त 60 घनमीटर हवा फिरवली तरी चालते. दहा तासांसाठी भिंतींतून होणारी गळती धरून 14 मेगाज्यूल पुरतात, म्हणजे 65 किलो मेण किंवा 170 लिटर गरम पाणी. 200 लिटरचं एक इन्सुलेशन केलेलं पिंप, एक जुना रेडिएटर आणि छोटा पंप एवढ्यात काम होतं. रात्री अर्धवट वाळलेला माल अशाने थोडा वाळतोही, पण मुख्य म्हणजे आंबत नाही.

पूर्ण वाळलेल्या कांद्याला मात्र हेही पुरत नाही. 6 टक्क्यांवरचा कांदा हवेतून फार वेगाने पाणी घेतो. तो खोलीच्या तापमानाला आला की लगेच बंद पाकिटात गेला पाहिजे.

9. डबे कशाचे करावेत?

मेणासाठी ॲल्युमिनियम, साधं लोखंड, स्टेनलेस 304, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) पाइप सगळं चालतं. एचडीपीई प्लास्टिक टाळा, गरम मेण त्यात मुरतं आणि डबा मऊ पडून फुगतो. वितळताना मेण 10 ते 15 टक्के पसरतं, म्हणून 15 टक्के जागा मोकळी सोडा आणि ती वरच्या बाजूला राहील अशी नळी बसवा. आडवी नळी काठोकाठ भरून वेल्डिंग केली की पहिल्याच आठवड्यात सांधा सुटतो.

वितळवताना एक सूक्ष्म अडचण येते. तळाकडून तापवलं तर खालचं मेण पसरतं आणि वरचं अजून घट्ट असल्यामुळे दाब वाढतो. उभ्या नळीत गरम हवा वरून खाली न्या. मिठांच्या बाबतीत डब्यांचे नियम वेगळे, ते प्रश्न 13 मध्ये.

10. मे अखेरीस आमसुलं वाळवायची असतात आणि पाऊस येतो. दमट हवेत ड्रायर चालतो का?

चालतो. 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची हवा 55 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सुमारे 23 टक्के होते, आणि कोकमाची सालं वाळायला तेवढी पुरते. अडचण दमटपणाची नसून उन्हाची असते. ढगाळ दिवशी मेण भरतच नाही (प्रश्न 6 मधलं कारण, फक्त इथे उपाय नाही). एक दिवसाची साठवण तीन दिवसांच्या मळभाला पुरत नाही, आणि तीन दिवसांची साठवण परवडत नाही. कोकणात साठवणीपेक्षा लाकूड किंवा काजूच्या टरफलांवरची धूर न मिसळणारी भट्टी जोडून घ्या. काजूच्या टरफलांचा धूर तिखट आणि तेलकट असतो, तेव्हा भट्टीची हवा आणि मालाची हवा यांच्यामध्ये पत्रा हवाच.

सालं रसात बुडवून पुन्हा वाळवायची पद्धत असेल तर प्रत्येक बुडीनंतर पाणी नव्याने उडवावं लागतं. प्रश्न 3 ची आकडेमोड ताज्या सालांवर न करता सगळ्या बुड्या धरून करा.

11. कोणत्या मालाला किती तापमान? तापमान वाढवलं तर लवकर वाळेल ना?

सुरुवातीला हो, नंतर नाही. कांदा, टोमॅटो, आमसूल, उकडलेली हळद 55 ते 60. पालेभाजी 45 ते 50, आणि थेट ऊन नको, रंग जातो. बियाणं असेल तर 40 च्या वर अजिबात नको.

माल ओला असतो तोवर पाणी उडतं त्या थंडाव्याने त्याचं स्वतःचं तापमान हवेपेक्षा बरंच कमी राहतं. ओलावा संपत आला की माल हवेइतकाच तापतो. कांदा नेमका याच टप्प्यावर, 60 च्या वर, तपकिरी पडतो. शेवटचे दोन तास तापमान 55 च्या खाली आणा. साठवणीची मवाळ हवा इथे आपसूक कामी येते: दुपारच्या कडक हवेत पाण्याचा मोठा भाग उडवा, शेवटचा टप्पा संध्याकाळी मेणावर.

'वर कडक, आत ओलं' ही तक्रारही इथलीच. पहिल्या तासात फार गरम आणि फार कोरडी हवा मारली की पृष्ठभागाची कातडी बनते आणि आतलं पाणी अडकतं. तो तुकडा पाकिटात दोन दिवसांत मऊ होतो. काप 3 ते 4 मिलिमीटरचे आणि सारखे ठेवा, बाहेर जाणारी काही हवा परत फिरवून सुरुवातीला आर्द्रता थोडी राखा.

बेदाण्याचं गणित वेगळं आहे. तासगाव, सांगलीकडे द्राक्षं लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर इथाइल ओलिएट असलेल्या पाण्यात दोन ते चार मिनिटं बुडवून सावलीच्या शेडमध्ये पसरतात. बुडवणीने सालावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाण्याला वाट मिळते. ड्रायरमध्ये दिवस वाचतात, पण हिरवा रंग हवा असेल तर थेट ऊन आणि जास्त तापमान दोन्ही टाळा. बेदाणा 15 टक्के ओलाव्यावर थांबवा. साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून कांद्याला धोकादायक असलेल्या ओलाव्यावर तो टिकतो. सूक्ष्मजीवांची वाढ वॉटर ॲक्टिव्हिटी (त्यांना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं माप) 0.6 च्या खाली थांबते, नुसत्या टक्केवारीवर ते ठरत नाही.

12. मेण मालात मिसळलं किंवा पेटलं तर?

हवा मेणाला कधीही थेट लागू देऊ नका, मध्ये धातू हवा. गळती दिसली तर त्या फेरीचा माल बाजूला काढा. पूर्ण शुद्ध केलेलं, खाद्य दर्जाचं मेण थोडं महाग पडतं, पण ड्रायरमध्ये तेच घ्या. अर्धशुद्ध मेणात तेल राहतं आणि त्याला रॉकेलसारखा वास येतो.

मेणाची वाफ पेट घेण्याचं तापमान सुमारे 200 अंश आहे. सौर कलेक्टरवर तिथवर कुणी जात नाही. अपघाताची शक्यता असते ती भरताना, गॅसवर थेट पातेलं ठेवून मेण वितळवलं तर. गरम पाण्यात डबा ठेवून वितळवा. मेण पेटलंच तर पाणी ओतू नका, झाकण टाका.

13. मिठाचे हायड्रेट मेणापेक्षा जास्त उष्णता साठवतात असं वाचलं. ते का नाही?

साठवतात. हायड्रेट म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणारं मीठ. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट 58 अंशांना किलोमागे सुमारे 260 किलोज्यूल घेतं, शिवाय ते पेटत नाही. पण ते 58 ला गोठायला नकार देतं आणि द्रवच राहून खोलीच्या तापमानापर्यंत गार होतं. रात्री उष्णता हवी तेव्हा मिळत नाही. त्यात बीज म्हणून डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि घट्टपणासाठी सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) मिसळावं लागतं.

दुसरी अडचण थर वेगळे होण्याची. सौर ऊर्जेच्या संशोधक मारिया टेल्केस यांनी 1948 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर इथल्या घरात ग्लाउबर मिठाचे (सोडियम सल्फेटच्या हायड्रेटचे) डबे बसवून उन्हावर घर गरम ठेवलं. हे मीठ 32 अंशांना वितळतं, पण वितळताना निर्जल मीठ तळाला बसतं आणि पुन्हा पाण्यात पुरतं मिसळत नाही. काही हिवाळ्यांतच ती साठवण निकामी झाली. ड्रायरला 32 अंश उपयोगाचे नाहीतच, पण धडा सगळ्या हायड्रेटना लागू आहे: डबा उथळ, मीठ घट्ट केलेलं, आणि ॲल्युमिनियम किंवा जीआय वापरण्याआधी गंजण्याची चाचणी.

14. प्रबंधासाठी मेणाची डीएससी केली. दोन शिखरं आली. नमुना अशुद्ध आहे का?

बहुधा नाही. डीएससी म्हणजे नमुना हळूहळू तापवत तो किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी. पॅराफिन वितळण्याच्या पंधरा-वीस अंश आधी घन अवस्थेतच एक बदल दाखवतं, ते पहिलं शिखर. दोन्हींची बेरीज 'अप्रकट उष्मा' म्हणून लिहिली जाते आणि इथेच घोटाळा होतो: तुमचा ड्रायर 45 अंशांवर थांबणार असेल, तर 40 अंशांच्या शिखराची उष्णता तुम्हाला कधीच मिळणार नाही. तुमच्या कामाच्या पट्ट्यातलीच मोजा.

तापवण्याचा वेग मिनिटाला 10 अंश ठेवला तर शिखर पुढे सरकतं. 1 ते 2 ठेवा. 5 ते 10 मिलिग्रॅमचा नमुना शंभर किलो मेणाचं वागणं सांगत नाही, म्हणून मोठ्या नळीतली टी-हिस्टरी चाचणीही (गार होताना तापमान वेळेनुसार कसं उतरतं ते बघण्याची) करा.

कार्यक्षमता लिहिताना छेदात काय आहे ते स्पष्ट लिहा: कलेक्टरवर पडलेलं ऊन, कलेक्टरने दिलेली उष्णता, की ब्लोअरच्या विजेसह सगळं. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. द्राक्षांचा ओलावा 105 अंशांच्या ओव्हनमध्ये काढू नका, साखर जळून वजन घटतं. 70 अंशांचा निर्वात ओव्हन वापरा.

15. याच तऱ्हेने थंडी साठवता येते का? दूध संकलन केंद्रात वीज रात्रीच येते.

येते, आणि इथे मेणाची गरजच नाही. बर्फ किलोमागे 334 किलोज्यूल घेतो. 1,000 लिटर दूध 35 वरून 4 अंशांवर आणायला सुमारे 125 मेगाज्यूल काढावे लागतात, म्हणजे 375 किलो बर्फ, गळती धरून 450. रात्रीच्या विजेवर नळ्यांभोवती बर्फ जमवायचा आणि सकाळी गार पाणी प्लेट चिलरमधून (पातळ पत्र्यांमधून दूध गार करणाऱ्या यंत्रातून) फिरवायचं. बर्फाचा थर 35 ते 40 मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. कारण प्रश्न 7 मधलंच, बर्फ जाड झाला की कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. टाकीतलं पाणी हवा सोडून ढवळत ठेवलं नाही तर बर्फ एकाच बाजूला वितळतो आणि दूध 8 अंशांवर अडकतं.

16. आंब्याच्या डबाबंद कारखान्यात रिटॉर्ट सुरू झाला की बॉयलरचा दाब कोसळतो. मोठा बॉयलर घ्यावा का?

रिटॉर्ट म्हणजे डबे वाफेच्या दाबाखाली शिजवण्याचं भांडं. आधी वाफेचा संचायक बघा. बंद टाकीत 8 बार दाबाचं गरम पाणी ठेवायचं. दाब 3 बारवर येताना त्यातलं साडेसहा टक्के पाणी वाफ होऊन निघतं, म्हणजे टनामागे सुमारे 65 किलो वाफ. रिटॉर्टची पहिली दहा मिनिटं एवढ्यावर निघत असतील तर बॉयलर आहे तोच पुरतो. रिटॉर्टला लागणारा दाब संचायकाच्या खालच्या दाबापेक्षा कमी असला पाहिजे, नाहीतर वाफ असूनही ती पुढे जात नाही. ही दाबाखालची टाकी आहे, म्हणून गावातल्या वेल्डरकडून करून घेण्याची नाही.

दोन रिटॉर्ट एकाच वेळी सुरू करायची सवय असेल तर आधी त्यांच्यात पंधरा मिनिटांचं अंतर ठेवून बघा. त्याला खर्च लागत नाही.